पायथ्याचं सिमेंट

आखातातल्या उम्म अल कुवैनच्या खाडीकाठी बदरुद्दीनचाचांचं दोर-जाळ्यांचं दुकान होतं. दुकानाचं घर भाड्याचं, समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडांनी बांधलेलं, जुनं. सत्याण्णव साली नगरपालिकेनं सांगितलं, असं घर जो जुन्या पद्धतीनं दुरुस्त करील त्याला दुकानाच्या परवान्याची फी पुढची काही वर्षं माफ. अट एकच, सिमेंट नको. पगारावर कर नसलेल्या त्या मुलखात ही फीच चाचांच्या मानेवर बसली होती. माफी मिळाली तर दुकान राहणार, नाहीतर कुलूप.

काम त्यांनी दत्तारामला दिलं. तो गुहागरचा गवंडी, चाचा दाभोळचे. परमुलखात एवढं नातं पुरतं. आठवडाभर दत्ताराम अजमानमध्ये टॉवर बांधायचा आणि शुक्रवारी इथे यायचा.

चुना त्यानं मन लावून लावला. पायथ्याशी आल्यावर मात्र हात थबकला. गावाकडे चिऱ्याच्या भिंतीलाही खालून सिमेंटचा पट्टा मारल्याशिवाय गवंडी थापी धूत नाही. पट्ट्याविना भिंत म्हणजे धोतराविना नवरदेव, असं त्याचे वडील म्हणायचे. चाचांच्या भल्यासाठीच, ते नमाजाला गेल्यावर, त्यानं पट्टा मारला आणि वरून चुना फिरवला.

रमजान उलटला आणि भिंत फुगू लागली. खाऱ्या दगडातली ओल सिमेंटनं कोंडली होती. ती वर चढली, पांढरं मीठ फुललं.

"चाचा, जरा ओल दिसतेय."

"ओल? इथे पाऊस पाहुण्यासारखा येतो रे!" चाचा हसले. "उद्या नगरपालिकेचा इंजिनियर येतोय. यल्ला, चल, चुन्याचा हात मार."

चुन्यानं एक दिवस निभला असता. पण दत्तारामला ते फुगलेलं पोट बघवेना. चाचा जेवायला गेले तसा तो छिन्नी घेऊन बसला. सिमेंट एकटं निघेना, दगडाचे लचके तोडूनच निघालं. चाचा परतले तेव्हा भिंतीला मांजर जाईल एवढं भगदाड होतं. त्यांनी वाकून सिमेंटचा तुकडा उचलला, बघितला आणि खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी दत्तारामनं टॉवरवर खाडा केला. मुनीर इंजिनियरनं भगदाडात हात घातला. "सिमेंट किसने डाला?"

"हमने बोला था," चाचा म्हणाले.

इंजिनियर गाडीत बसताना दत्ताराम धावला. "साब, मैंने डाला. चाचा को मालूम नहीं था."

"माफी दीवार को थी, तेरे चाचा को नहीं," मुनीर थकल्यासारखा म्हणाला. "दीवार गई. खलास."

आत चाचा फळीवरची जाळी उतरवत होते.

"सांगून आलास? शहाणा! आता जुन्या घराचं काम तुला कोण देईल?"

"नको मला."

"नको कसं? हात चांगला आहे तुझा. डोकं तेवढं गुहागरला विसरलास."

दत्तारामला हसू आलं नाही. चाचांनाही नाही.

"उभा काय राहिलास," ते म्हणाले, "फळ्या काढायच्यात. सांभाळून, भिंतीला धक्का नको."