दाओनच्या आईची न हलणारी गाडी

आमच्या आवारात गाड्या जास्त आणि जागा कमी. कोरियातल्या चेओंग्जू शहरातल्या या इमारती बांधल्या तेव्हा घरटी गाडी असेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्यामुळे रात्री उशिरा येणाऱ्याने आपली गाडी दुसऱ्यांच्या गाड्यांपुढे आडवी लावायची, चाकं सरळ ठेवायची, गिअर न्यूट्रलला टाकायचा, हँडब्रेक ओढायचा नाही आणि खुशाल झोपायला जायचं. सकाळी ज्याला बाहेर पडायचंय तो ती ढकलून बाजूला करतो. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. सत्तरी उलटली तरी मी पाठ लावून भल्याभल्या गाड्या सरकवल्या आहेत.

दाओनच्या आईची गाडी मात्र माझ्या बापालाही हलली नसती.

बाईचं नाव मेंग उन-हा, पण ते कागदावर. सगळे तिला दाओनची आई म्हणतात. चौथ्या मजल्यावर राहते. नवरा दूर जहाजांच्या कारखान्यात, महिन्या-दोन महिन्यांनी तोंड दाखवतो. ही दिवसभर दवाखान्यात कामाला, तिथून दाओनला पोहायला सोडणार, धाकट्या उजिनला तायक्वोंदोला, मग एकीला आण, दुसऱ्याला ने. पोरं गाडीतच जेवतात, गाडीतच कपडे बदलतात, अभ्यास, भांडणं आणि झोपही तिथेच. घर आपलं टपाल येण्यापुरतं.

आणि गाडीत काय नाही ते विचारा. तिच्या वडिलांनी गावाहून दिलेलं तांदळाचं अख्खं पोतं. भर उन्हाळ्यात बर्फावरची घसरगाडी. उजिन दुसरीत गेला तरी बालवाडीतली दुपारच्या झोपेची गादी. एक बूट. शाळेसाठी केलेला पुठ्ठ्याचा ज्वालामुखी, त्याच्या तोंडात ओले रुमाल कोंबलेले. तंबू, चटई, बटाट्याची पेटी, संत्र्याची सालं, आणि मातीने भरलेल्या बरणीत भुंग्याची जाडजूड अळी, जिला उजिन ‘आमचे साहेब’ म्हणतो. त्या ओझ्याने टायर बसलेल्या म्हशीसारखे पसरलेले.

मला पहाटे चौकातल्या सार्वजनिक न्हाणीघरात जायचं असतं. पहिलं गरम पाणी मिळालं नाही तर दिवस वाया. आणि नेमकी हिची गाडी माझ्या गाडीच्या पुढ्यात. एकदा मी, वॉचमन योम, दूधवाली आणि पेपरवाला अशा चौघांनी ढकलली तेव्हा कुठे वीतभर सरकली.

"अगं, घरी उतरव की सामान," मी तिला म्हणालो.

"आजोबा, जे उतरवावं तेच दुसऱ्या दिवशी शाळेत मागतात," ती म्हणाली. "गाडीत आहे म्हणजे हरवलेलं नाही, एवढं मला माहीत असतं. घरात गेलं की गेलं."

माझं डोकं फिरलं. मी रहिवाशांच्या बैठकीत तक्रार ठोकली. ठराव झाला: येत्या रविवारी संध्याकाळी कुकआजोबांना, म्हणजे मला, एकट्याला ती गाडी हलवता आली पाहिजे. नाही हलली तर तिने आवारात गाडी लावायची नाही, ओढ्यापलीकडच्या मैदानात लावायची. तिथून घर म्हणजे चांगली तंगडतोड. झोपलेली दोन पोरं, त्यांची दप्तरं, आणि एकटी बाई. ठराव ऐकून तिने नुसती मान हलवली. मला तेव्हा बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

रविवारी तिने गाडी उपसायला घेतली. सगळं आवार तमाशा बघायला खाली. सामान निघतंय निघतंय, संपायचं नाव नाही. गाड्यांच्या दोन जागा भरल्या. योमची दोन वर्षांपूर्वी हरवलेली टोपी निघाली.

"ही इथे काय करतेय?" योम म्हणाला.

"पावसात तुम्हीच उजिनच्या डोक्यावर घातली होती, काका," दाओनची आई म्हणाली.

मग सीटखालून एक किमचीचा, म्हणजे आंबवलेल्या तिखट भाजीचा डबा निघाला. झाकणाचा कोपरा गॅसवर वितळून वाकडा झालेला. तो कोपरा माझ्यासमोर वितळला होता आणि त्यावरून मी बायकोला नको नको ते बोललो होतो. माझी बायको गेली त्याला दीड वर्ष झालं.

"आजींनी मुळ्याची किमची दिली होती," दाओनच्या आईने डबा दोन्ही हातांनी पुढे केला. "रिकामा डबा कसा परत करायचा, म्हणून ठेवला. काय घालून द्यावं ते ठरेना. आणि मग आजीच गेल्या. चुकलंच माझं. घ्या."

मी हात पुढे केला आणि मागे घेतला. बायको गेल्यावर मुलगी आली होती. माझ्या भल्यासाठीच आली होती. दोन दिवसांत घर असं लख्ख केलं की आईची एक वाटीसुद्धा मागे ठेवली नाही. हा डबा घरी नेला असता तर पुढच्या खेपेला वाकडं झाकण बघून तिने तोही फेकला असता. मला रडू येत होतं आणि समोर अख्खं आवार.

"रिकामा देतेस होय?" मी खेकसलो. "ही कुठली रीत? काहीतरी घालून दे. तोवर राहू दे गाडीत."

तिने माझ्याकडे पाहिलं. डबा पुन्हा सीटखाली ठेवला.

तोवर ज्यांच्या जागा अडल्या होत्या ते दोघे बाहेरून परतले आणि हॉर्न वाजवू लागले. चौथ्या मजल्यावर एवढं चढवणार कोण? ठरावाला हात वर करणारेच पुढे झाले आणि कुरकुरत एकेक वस्तू पुन्हा गाडीत कोंबू लागले. ज्वालामुखी गेला, पोतं गेलं, साहेब गेले. दरवाजा तिघांनी दाबून लावला. टायर पुन्हा पसरले.

मग सगळ्यांना ठराव आठवला.

मी गाडीला पाठ लावली. दाओनची आई पोरांचे हात धरून उभी होती. मी जीव खाऊन रेटलं. गाडी तसूभर हलेल तर शपथ.

"हलली," मी म्हणालो.

योम खाली वाकून चाकाकडे बघत होता. "दादा, चाक तर..."

"हलली म्हटलं ना. डोळे तपासून घे तुझे."

योमने सापडलेली टोपी डोक्यावर सारखी केली. "हलली," त्याने सगळ्यांना सांगितलं.

आता मी न्हाणीघरात चालत जातो. मिळेल ते पाणी घेतो. जिन्यात दाओनची आई भेटली की विचारते, "आजोबा, काय घालू डब्यात?"

"घाई काय आहे," मी सांगतो.