दिवे फोडणारा वीर

परवा देव्हाऱ्यातली वात तेल संपून विझली आणि त्या वासासरशी जळगावच्या घरातली एक संध्याकाळ आठवली. धुळ्याचा मामेभाऊ व्हिडिओ गेमची नवी कॅसेट घेऊन आला होता. माझ्याकडे त्याच मालिकेतला जुना भाग होता. तोच काळा किल्ला, तीच वटवाघळं, तोच चाबूकवाला वीर. अदलाबदल करायची की नाही यावरून आमची जुंपली. तो म्हणे, नव्यात रंग भारी आहेत. मी म्हणे, जुन्यातली भुतं खरी वाटतात. तेवढ्यात देवापाशी दिवा लावून अक्का, म्हणजे माझी मोठी आत्या, मागे येऊन उभी राहिली. फुंकर मारून दिवा मालवलेलाही तिला खपायचा नाही. इकडे पडद्यावर वीर बक्षिसासाठी किल्ल्यातला एकेक दिवा चाबकाने फोडत निघालेला. ती अहिराणीत म्हणाली, "आरे, घरमाना बठ्ठा दिवा त हाऊच फोडी ऱ्हायना. मंग यामा भूत कोन शे?" अदलाबदल राहूनच गेली. परवा वात विझली तेव्हा मी मोबाइलवर त्याच मालिकेच्या नव्या भागावरून खेळाडूंची चाललेली भांडणं वाचत होतो. घरातले सगळे दिवे वीरच फोडतो, मग भूत कोण, हा अक्काचा प्रश्न तिथे कुणी विचारलेला नव्हता. उठलो आणि आधी दिवा लावला.