सगळी पंगत माझ्यासाठी थांबली

मी अंगानं तुऱ्हाटी, तुरीची वाळकी काडीच. शर्ट खुंटीवर असो की माझ्या अंगावर, फारसा फरक पडत नाही. त्यामुळे मी 'डायटिंग' करतो ही बातमी डोणगावच्या बाजारापर्यंत पोचली, तेव्हा लोकांना हसावं की रडावं कळेना.

डायटिंग वगैरे काही नव्हतं हो. जेवलं की छातीत जळजळ व्हायची, म्हणून मेहकरला डॉक्टरकडे गेलो. त्यानं विचारलं, जेवायला किती वेळ लागतो? मी म्हटलं, जेवायला कशाला वेळ लागतो? आमच्या घरात सगळेच असे जेवतात, जसं काही दारात गाडी सुटायला उभी आहे. डॉक्टर म्हणाला, "वजन अजिबात कमी करायचं नाही, आहेच कुठं ते? सगळं खा. भाकर खा, पालेभाजी खा, तूपही खा. फक्त घासाचं तोंडात पाणी होईपर्यंत चावा, अन् पोट बस म्हणालं की थांबा." गोळी एकही दिली नाही. मला तर तो डॉक्टर कच्चाच वाटला. पण जळजळ थांबली बुवा. झोप लागायला लागली, चिडचिड जरा कमी झाली. जरा म्हणजे जराच.

आता, पोट बस म्हणालं की थांबा, हे डॉक्टरला सांगायला काय जातं? आमच्याकडं जेवणारा 'बस' म्हणाला की वाढणारा समजतो, आत्ता कुठं सुरुवात झाली. पत्रावळीवर आडवा हात धरला तर तो बोटांच्या फटीतून वरण सोडतो.

माझा मोठा भाऊ या कामात सगळ्यांच्या पुढं. आमची घरं शेजारी, मधली भिंत एकच. त्याच्या मुलीच्या साखरपुड्याला दादा स्वतः बुंदीचे लाडू घेऊन पंगतीत फिरत होता आणि एकेकाच्या तोंडात आपल्या हातानं घालत होता. माझ्यापाशी आला तेव्हा माझं पोट नुकतंच बस म्हणालं होतं. "बस दादा," मी म्हटलं, आणि खरंच तोंड मिटून घेतलं. नव्या व्याह्यांसमोर दादाचा हात लाडवासकट तसाच राहिला.

"काऊन? माह्या घरचं गोड लागत नाही का तुले?"

मी डॉक्टरचं सांगायला लागलो, तोवर तो पुढं निघून गेला. लाडू माझ्या शेजारच्यानं खाल्ला. त्या दिवसापासून दादानं माझ्याशी बोलणं सोडलं.

इकडं गावानं हिशोब लावला. एवढा वाळलेला माणूस कमी खातो, म्हणजे आत काहीतरी मोठं निघालं असणार. लोक भेटायला यायला लागले. कोणी केळी आणली, कोणी टोस्टचा पुडा आणला. माझ्यासमोर बसून मला चावताना बघायचे आणि उसासे टाकायचे. एका म्हाताऱ्यानं तर माझ्या बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "डॉक्टर किती दिवस म्हनते?" बायको वैतागली. मला म्हणाली, "चार घास भराभरा खाऊन दाखवा लोकायले. मले हे सांत्वन ऐकवत नाही आता."

पण दादा आला नाही. भिंतीपलीकडून त्याचं खोकणं ऐकू यायचं, ताट सरकवल्याचा आवाज यायचा. सगळं गाव मला मेल्यात जमा धरून भेटून गेलं, आणि माझाच भाऊ आला नाही. मला फार वाईट वाटलं. यापेक्षा जळजळ परवडली असती.

मग शेतातल्या मारुतीपुढं रोडग्यांचं, गोवऱ्यांत भाजलेल्या कणकेच्या जाड गोळ्यांचं, जेवण निघालं. मला पोचायला उशीर झाला. वाढणाऱ्यानं दंडाला धरून बसवलं ते नेमकं दादाच्या शेजारी; जागा तेवढीच रिकामी होती. दादानं मांडी जरा आवरून घेतली.

आमच्याकडं पंगत एकदम बसते आणि एकदमच उठते. शेवटच्याचं जेवण होईपर्यंत कोणी उठत नाही, तो अन्नाचा अपमान समजतात. तर सगळ्यांचं आटोपलं, आणि मी अजून अर्ध्या रोडग्यावर होतो. एवढी मोठी रांग हात वाळवत माझ्या तोंडाकडं बघत बसली. पुढची पंगत मागंच उभी, तिचा श्वास मानेवर लागत होता. भरभर गिळावं तर जळजळ, पानात टाकून उठावं तर दादासमोर पुन्हा तेच. मला संताप आला. कोणाचा, ते कळेना. मी चावत राहिलो.

"बैल बी याच्यापेक्षा लवकर रवंथ करते बे," मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

दादानं मान वळवली. "जेवू द्या त्याले. तो काही बिमार नाही. डॉक्टरनं सांगतलं हाये त्याले चावून खायले."

म्हणजे याला सगळं माहीत होतं. भिंत एकच होती ना. मग त्यानं वाढणाऱ्याला खुणावलं. "अर्धा रोडगा टाक इकडं."

"दादा, तुमचं तं झालं होतं," वाढणारा म्हणाला.

"नाही झालं."

सगळ्या पंगतीनं कपाळाला हात लावला. दादानं रोडगा वरणात कुस्करला, घास तोंडात घातला आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "कुठवर चावा लागते बे?"

माझे डोळे भरून आले, पण तोंडात घास होता. तो नीट संपवला, मग म्हटलं, "पानी होईपर्यंत."

त्यानं मान हलवली आणि चावत राहिला. मागची पंगत थकून मातीतच बसली.