झुम्रामावशीची निरोपाची कॉफी

मोर्चाची म्होरकी लामिया हिने झुम्रामावशीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला वाटलं, समोरच्या डोंगराचा एक तुकडा सुटून आपल्याकडे येतोय. पाठीवर गादीएवढी पिशवी, हातात छत्री, आणि पिशवीतल्या तांब्याच्या भांड्याचा असा खणखणाट, की मेंढ्या पांगल्या, कुत्री घरात शिरली आणि वाहतूक पोलिसाने काही कारण नसताना तीन गाड्या अडवल्या.

"सारायेवोला पायी निघालेले ते तुम्हीच ना?"

"हो, पण मावशी, रस्ता सगळा चढाचा आहे. तुमचे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. आणि राखेचा ढीग माझ्या आलुबुखाराच्या बागेत येणार आहे, तुझ्या नाही. चल, पुढे हो."

कोळशाच्या नव्या वीजकेंद्राविरुद्ध ही पोरं चालली होती. बर्फ पडेनासा झालाय, झरे उन्हाळ्याआधीच आटतायत, आणि यांना अजून कोळसा जाळायचाय! ही हरकत शुक्रवारी दुपारी बाराच्या आत राजधानी सारायेवोतल्या कचेरीत द्यायची होती. उशीर झाला, तर कोणाची हरकतच नाही असं धरून केंद्र मंजूर.

"मीसुद्धा घरी कोळसाच जाळते हं," मावशीने पहिल्याच मुक्कामाला सांगून टाकलं. "नवऱ्याची छाती त्यानेच गेली. मला नका शिकवू तो कसा असतो ते."

लामियाच्या वेळापत्रकात ऊन, पाऊस, पायांचे फोड, सगळ्याला जागा होती. फक्त बोस्नियातल्या माणसांना नव्हती. दारावरून जाणाऱ्याला कॉफी न पाजणं म्हणजे घराला बट्टा. तीही एक नव्हे. पहिली स्वागताची, दुसरी गप्पांची आणि तिसरी निरोपाची. ही तिसरी आली की पाहुण्याने मुकाट्याने बूट शोधायचे. पण इतकं चालून आलेल्या पोरांना निरोपाची कॉफी द्यायला कोणाचं मन धजेना. ती येईना, म्हणून यांना उठता येईना. रेफिक नावाच्या म्हाताऱ्याने तर गप्पांच्या कॉफीवर सबंध दुपार खाल्ली. गप्पा त्याच्या लष्करातल्या खेचरापर्यंत आल्या होत्या, आणि खेचर अजून तरुण होतं.

"मावशी, गेला आपला शुक्रवार," लामिया रडवेली होऊन कुजबुजली.

झुम्रामावशी उठली. थेट रेफिकच्या स्वयंपाकघरात शिरली, आपलं भांडं काढलं, कॉफी उकळली आणि पहिला पेला खुद्द रेफिकपुढे ठेवला. निरोपाची कॉफी! पाहुणीने, यजमानाला, त्याच्याच घरात!



"बाई, माझ्याच घरातून मला हाकलतेस?" रेफिक म्हणाला.

"तुला कशाला? आम्हाला हाकलतेय. तुझ्याच्याने होईना, म्हणून हात लावला."

रेफिक इतका हसला की कवळी सावरावी लागली. "अगं, तू गेल्या ईदला कुठे होतीस? माझा मेहुणा अजून इथेच आहे!"

तेव्हापासून गावोगाव तिसरी कॉफी मावशीच करू लागली, आणि शुक्रवारी बाराच्या आत मोर्चा कचेरीत पोचला.

तिथले साहेब फार गोड होते. पोरं टेकतात न टेकतात तोच त्यांनी कॉफी मागवली. "घ्या, आणि कागद ठेवून निघा. सोमवारी नोंदवून घेऊ."

लामियाचा चेहरा उतरला. सोमवार म्हणजे संपलंच. मावशीने मात्र पेल्यात डोकावून पाहिलं.

"साहेब, ही कितवी?"

"कितवी म्हणजे?"

"आम्ही आत्ताच आलो, तेव्हा ही स्वागताची. अजून दोन व्हायच्यात. निवांत बसू." असं म्हणून मावशीने सारायेवोपर्यंत चालून आलेले आपले बूट काढले. मग मोजेही.

साहेबांनी खिडकी उघडली. मग दार उघडलं. मग शिक्का शोधला. दुसरी कॉफी यायच्या आत हरकत नोंदली गेली होती.

हरकतीवरची सुनावणी पुढे ढकलली गेली. ती अजून झालेली नाही. मावशीच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती आता सुनावणीच्या तारखांना सारायेवोला बसने जाते.