कढई न चढलेली दिवाळी

आमच्या ह्यांना चकली सगळ्यात प्रिय आणि बायको त्याखालोखाल. हा क्रम मी लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत ओळखला होता, आणि माझी त्याबद्दल तक्रारही नव्हती. हे सोलापुरात एका कापडगिरणीत कारकून होते. कचेरी वरच्या मजल्यावर. एका श्रावणात हे त्या जिन्याच्या दहा पायऱ्या चढले आणि धापा टाकत मध्येच बसले. कचेरीतल्या दोघांनी धरून त्यांना टांग्यातून घरी आणलं.

डॉक्टर आले. त्यांनी छातीला नळी लावली, स्वतःचं पोट सावरत खुर्चीत बसले आणि तळणाच्या दुष्परिणामांवर व्याख्यान दिलं. दुखणं शेजाऱ्याचं असावं अशा चेहऱ्याने ह्यांनी ते ऐकून घेतलं. मी दारापर्यंत पोचवायला गेले तेव्हा डॉक्टर मला हळूच म्हणाले, "बाई, काळीज थकलंय त्यांचं. चरबी उतरली नाही, तर पुढच्या वर्षीच्या दिवाळीची खात्री मी देत नाही. त्यांना मात्र हे सांगू नका, धसका घेतील." छान! म्हणजे धसका मी घ्यायचा आणि चकल्या ह्यांनी खायच्या.

मी तेलाची बरणी फडताळात कोंडली. दिवाळी आली तेव्हा ठरवलं, चकली होईल, पण कढई चढणार नाही. बायका नानकटाईचे गोळे भाजायला पावाच्या भट्टीवर नेतात, तशा मी चकल्या नेल्या. मोहनसुद्धा घातलं नव्हतं. भट्टीवाल्या चाचांनी पत्रा हातात घेऊन आधी चकल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, तेल विसरला काय? ह्याचं लाकूड होतंय की."

"होऊ द्या," मी म्हटलं. आणि झालं. ताटात टाकली की ती चकली चांगली खणखणत असे. चिवडा मात्र खरोखर बरा जमला होता. पोहे उन्हात वाळवून कोरडेच भाजले, फुटाण्याची डाळ, शेंगदाणे, आणि फोडणीऐवजी मनाचं समाधान.

ह्यांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "देवाला दाखवलास का नैवेद्य?" ह्यांनी विचारलं. "नको दाखवूस. त्यालाही दात असतात."

पण दुसऱ्या दिवसापासून नवलच घडलं. कुरकुर बंद. माझी लाकडं हे हसतमुखाने चघळू लागले, वर "सवय होतेय" असंही म्हणाले. नवरा इतका शहाण्यासारखा वागला की बायकोने सावध व्हावं. मी मेली खूश झाले.

पाडव्याला शेजारच्या अक्का आल्या. त्यांच्या घरी माग होते. तेलुगू माणसं, पण आमच्याशी मराठीत बोलत. हातात भलंमोठं ताट, त्यावर रुमाल. आल्या आल्या त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"कोण गेलं वो तुमच्यात?"

मला काही कळेना. "कुणी नाही! का हो?"

"मग कढई का नाही चढली? तळणाचा वास न्हाय, काय न्हाय. गल्लीत समद्यांला वाटलं, तुमच्यात यंदा दुखवटा हाय. म्हणून आमी तीन घरं रोज फराळ देतो की. तुमी विहिरीवर गेला की सायबांच्याच हातात देतो. लई बारीक तोंड करत्यात बिचारे."

दुखवट्याच्या घरात तळण होत नाही आणि शेजारी फराळ पोचवतात, ही रीत मला ठाऊक होती. माझ्या घरावर ती चालू आहे एवढंच ठाऊक नव्हतं. मी आतल्या खोलीत गेले. ह्यांच्या ट्रंकेत, कोटाखाली पत्र्याचा डबा होता. चकल्या, कडबोळी, शेव. आणि कोटाला तेलाचे डाग.

"मी खोटं एक अक्षर बोललो नाही," हे मागून येत म्हणाले. "त्यांनी विचारलं, कोण गेलं? मी नुसती मान खाली घातली."

माझा तोल गेला. "गेलं नाही कुणी! जायला निघालंय! डॉक्टरांनी पुढच्या दिवाळीची खात्री दिलेली नाही तुमची. कढई खाली ठेवलीय ती कुणी गेलं म्हणून नाही, कुणी जाऊ नये म्हणून!" आणि मी तिथेच, ट्रंकेपाशी बसून रडले. तीन महिने साठलेलं सगळं रडले.

दारातल्या अक्कांनी सगळं ऐकलं. शेजाऱ्याला दिलेलं ताट कुणी परत नेत नाही, पण त्यांनी ते उचललं, ट्रंकेतला डबाही घेतला आणि निघून गेल्या.

हे पाटावर बसले. "खरंच असं म्हणाले डॉक्टर?"

मी मान डोलावली. ह्यांनी माझ्या डब्यातली एक चकली काढली. चावायला फार वेळ लागला. मी चेहऱ्याकडे पाहत होते, पण ह्यांनी वर पाहिलं नाही.

"कडक आहे," हे म्हणाले. "पुढच्या वर्षी ओवा जरा जास्त घाल."