एडिथ पासमोर गप्प बसते

एडिथ पासमोरला गप्प बसणं जन्मात जमलं नाही, आणि जन्म मात्र क्वेकर पंथाच्या घरात. देवाला थट्टा करायची लहर आली की तो अशी करतो. दर रविवारी प्रार्थनासभेत तासभर हूं की चूं न करता बसणारी ही माणसं. आतून काही उमटलं तरच उठून दोन वाक्यं बोलायची, नाहीतर शेजाऱ्याचा हात हातात घ्यायचा आणि घरी जायचं. एडिथ त्या तासातही शेजारणीच्या कानाशी लागायची. सत्तावीस वर्षं तिनं शाळेची पिवळी बस चालवली, आणि बसमधल्या प्रत्येक पोराचं वाक्य तीच पुरं करत आली.

सगळ्यात जास्त पुरी केली ती नातीची. दहा वर्षांची टेसी बोलताना अडखळायची. काही शब्दांपाशी ओठ मिटायचे ते उघडायचेच नाहीत. पोरीचा चेहरा लाल झाला की एडिथ घाईघाईनं म्हणायची, "पॅनकेक हवाय ना? घे." टेसी मान हलवायची. पॅनकेक नको असला तरी हलवायची, हे आजीबाईंना फार उशिरा कळलं.

मुलगा आणि सून दोघंही इस्पितळात नोकरीला, तेव्हा टेसीला उन्हाळ्यात कुठल्या शिबिराला धाडायचं हे आजीनंच ठरवायचं होतं. तिच्या लेखी त्यात ठरवण्यासारखं काय होतं? तासाभरावरचं सीडर रन. ती स्वतः तिथे गेलेली, मुलगा गेलेला, आणि आता जाणारी निम्मी पोरं तिच्याच बसमधली. तिनं अर्ज भरून टेसीपुढे ठेवला. टेसीनं तो उलटा केला आणि पेन्सिलीनं लिहिलं, 'टॅमरॅक'.

टॅमरॅक हे मुलींचं शिबिर, तिकडे व्हर्माँटच्या डोंगरात, सात तासांवर. तीन आठवडे राहायचं. फोन नाही, सकाळी गारठलेल्या तळ्यात आंघोळ, आणि पाठीवर बोजा घेऊन पाच दिवस रानात भटकायचं.

"वेड लागलंय का तुला?" एडिथ म्हणाली. "तिथे तुला ओळखतं कोण? पाणी हवं झालं तर मागशील कशी?"

बोलून गेल्यावर तिची तिलाच लाज वाटली. अर्ज आठवडाभर फ्रिजवर तसाच पडून राहिला.

शेवटी सभेतल्या ऐंशी वर्षांच्या केलेब यार्नलनं मध्ये तोंड घातलं. "पोरीसाठी उलगड्याची बैठक लावू या," तो म्हणाला. ही त्यांची जुनी रीत. तीन-चार माणसं बसतात आणि ज्याचा पेच असेल त्याला फक्त प्रश्न विचारतात. सल्ला द्यायचा नाही, स्वतःचं घोडं दामटायचं नाही, उत्तर येईपर्यंत थांबायचं.

"तूही ये, एडिथ," केलेब म्हणाला, "पण तोंडाला..."

"कुलूप. कळलं."

"बघ. हेच."

शनिवारी सकाळी सभाघराच्या मागच्या खोलीत सगळे बसले. मग केलेबनं विचारलं, "टेसी, टॅमरॅकला असं काय मिळेल, जे इथे मिळत नाही?"

"ति-तिथे मला प... प..."

ओठ मिटले. पोहायला! एडिथच्या जिभेवर शब्द येऊन बसला. दुसरं काय असणार, तळं आहे ना तिथे. तिनं बाक असा घट्ट धरला, जसं घाटात स्टिअरिंग धरावं. टेसीचे कान लाल झाले. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं, केलेब तिच्याकडे शांतपणे बघत होता, कुणालाच घाई नव्हती. एडिथनं गाल आतून चावला.

"पहिल्यापासून सुरू करता येईल," टेसी म्हणाली. "सीडर रनला सगळ्यांना माहितेय मी अडकते. म्हणून तेच बोलून टाकतात. मला काय म्हणायचं होतं ते कु-कुणी ऐकलंच नाही कधी." ती थांबली. "आजीनंसुद्धा."

एडिथला रडू आवरेना. आपण 'पोहायला' म्हणालो असतो, तर पोरीनं मान हलवली असती. घरी जाऊन तिनं टॅमरॅकचा अर्ज भरला, आणि का जायचंय ही ओळ टेसीला लिहायला रिकामी सोडली.

शिबिराचे तीन आठवडे संपले, तेव्हा मुलींना न्यायला आलेली माणसं तळ्याकाठच्या गवतावर गोल करून बसली. तिथेही आधी सगळे गप्प. मग टेसी उठली. डास चावून पाय सुजलेले, केस दोरीनं बांधलेले.

"रानात चौथ्या दिवशी आम्ही वाट चुकलो," ती म्हणाली. "न-नकाशा माझ्याकडे होता. सगळ्या म्हणाल्या, आता काय? मी म्हणाले, प..."

आणि अडकली. एडिथच्या शेजारी कुणा मुलीचे बाबा बसले होते, भला माणूस. त्यांना राहवेना. ते पुढे वाकून म्हणाले, "पर..."

एडिथनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "थांबा," ती पुटपुटली. "वाक्य तिचं आहे."

तळ्यावर एक पक्षी ओरडला. गवतावर कुणी हललं नाही.

"पुढे चला," टेसी म्हणाली. "परत नाही, पुढे. मला म्हणायला वेळ लागला, पण सगळ्या थांबल्या. मग माझ्या मागनं आल्या. वाट पुढेच होती."

ती बसली. एडिथनं खुशाल रडून घेतलं.

परतताना टेसी सात तास बोलत होती. एडिथ पासमोरनं गाडी चालवली, आणि ऐकलं.