हिवाळी वाळवण

थंडी हा आपला वैयक्तिक अपमान आहे असं मानणारा माणूस आख्ख्या उत्तर जर्मनीत एकच होता, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बाकीचे लोक थंडीत कानटोपी घालतात, कुरकुरतात आणि कामाला जातात. साडू तिच्याशी भांडण काढत. मी स्वतः दोन स्वेटर घालून, हीटरला पाठ लावून बसणारा, कुठल्याही लढाऊ बाण्याशी संबंध नसलेला माणूस. पण बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हटल्यावर लढाईत ओढलं जाणं आलंच. आम्ही ब्राउनश्वाइगमध्ये राहायचो, ते तिथून पंधरा मिनिटांवरच्या एका खेड्यात, रांगेतल्या घरांपैकी शेवटच्या घरात. दोघेही मोटारींच्या कामातले इंजिनियर. फरक एवढाच, की मी कारखान्याच्या बाहेर पडलो की इंजिनियर राहत नाही. ते घरात शिरले की जास्तच होत.

त्या वर्षी मात्र भांडणाला कारण होतं. ताईंना, म्हणजे माझ्या मेहुणीला, त्या पूर्वी जिथे शिकवायच्या त्या नाशिकच्या शाळेचं पत्र आलं होतं. गणिताच्या बाई निवृत्त होतायत, जूनपासून याल का, जानेवारीअखेर कळवा. ताई घरात कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशीही पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "अहो, हा एक हिवाळा बघते. नाही जमलं तर मी आणि पोरगी नाशिकला. तुम्ही या सुट्टीला." आरडाओरडा केला असता तर साडूंनी मनावर घेतलं नसतं. पोळी लाटता लाटता म्हणाल्या म्हणून त्यांचं धाबं दणाणलं. दुपारी चारला काळोख, शेजारी सगळे दारं लावून आत, नवरा कारखान्यात, पोरगी शाळेत. ताईंचं म्हणणं खोटं नव्हतं.

साडूंच्या ऑफिसातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं, की जर्मन माणूस हिवाळा सोसत नाही, घर 'गेम्युटलिश' करतो. म्हणजे शेगडीत लाकडं, चहूकडे मेणबत्त्या, मांडीवर घोंगडी. "आल्झो, साडू," जर्मन 'तर मग' वापरून मला फोनवर म्हणाले, "तीनच घटक आहेत. सिस्टिम सोपी आहे." त्यांच्या तोंडून 'सिस्टिम सोपी आहे' हे वाक्य आलं की शहाण्या माणसाने गाव सोडावं. मी सोडलं नाही.

ऑक्टोबरात काचेच्या दाराची काळी लोखंडी शेगडी आली. तिला परवानगी द्यायला धुराडी तपासणारी बाई आली. उंच, काळ्या पोशाखातली, न हसणारी. तिने धुराडं पाहिलं, मान डोलावली. मग अंगणात साडूंनी अभिमानाने रचलेल्या ओल्या, नुकत्याच तोडलेल्या बीच झाडाच्या लाकडांच्या ढिगाकडे पाहिलं, खिशातून दोन सुया असलेलं एक यंत्र काढलं आणि ओंडक्यात खुपसलं. आकडा आला अडतीस. वीसच्या खाली ओल आल्याशिवाय जाळायचं नाही, असा नियम. "किती दिवस लागतील?" साडूंनी विचारलं. बाई दोन बोटं वर करून म्हणाली, "त्स्वाय यारे." दोन वर्षं. साडूंच्या हातात होते तीन महिने.

आता दुकानात वाळलेलं लाकूड पिशव्यांतून मिळतं. मी एक पिशवी घेऊनही गेलो. साडूंनी तोवर तसलंच यंत्र विकत आणलं होतं. ते खुपसून म्हणाले, "एकवीस. घ्या परत." मी म्हटलं, अहो, एका टक्क्याने काय होतंय? तर म्हणाले, "आणि तत्त्व म्हणून सांगतो. पापड-कुरडया विकत आणणारं घर आपलं नाही. लाकूड घरी वाळवायचं."

आणि त्यांनी अक्षरशः वाळवण घातलं. ओंडके चिरून त्यांच्या मनगटाएवढ्या फोडी केल्या. प्रत्येक फोडीवर खडूने नंबर. घरात अकरा हीटर होते; अकरांवर जुन्या सुती साड्या अंथरून त्यावर फोडी मांडल्या. सकाळी एक बाजू, संध्याकाळी दुसरी. उलटायला विसरलं की तोंड असं करायचे, जणू एखाद्याने गच्चीवरच्या कुरडया पावसात भिजू दिल्यात. ऑफिसातून फोन: "बेडरूममधल्या उलटल्यास का गं?" ताईंचं उत्तर: "उलटल्या. अठ्ठेचाळीस नंबर जरा नाराज दिसतोय." घरातली सगळी ऊब लाकडं पिऊन टाकत आणि माणसं कोट घालून जेवत. मी एकदा हीटरजवळ सरकलो तर साडू म्हणाले, "तिथे नका बसू, सावली पडते." हीटरवर सावली कशी पडते हे मी विचारलं नाही. वर ते म्हणाले, "ही ऊब कुठे जात नाही, साडू. साठतेय. जानेवारीत व्याजासकट परत." दहा वर्षांची भाची मैत्रिणींना घरी आणायची बंद झाली. "पाइन्लिश!" म्हणायची. लाज वाटते, एवढाच त्याचा अर्थ. पण तिने तो शब्द उच्चारला की खुद्द लाकडंही खाली बघत असावीत.

शेगडी थंडगार, म्हणून तोवर मेणबत्त्या. इथे सिस्टिम खरी बिघडली. चार वाजता काळोख पडला की साडू घरभर चाळीस मेणबत्त्या लावत आणि विजेचे दिवे बंद. त्या उजेडात मी एकदा लोणच्याचं तेल मध समजून चहात घातलं आणि, यजमान समोर असल्यामुळे, प्यायलो. पण लावणं सोपं होतं. विझवायचं कसं? साडूंच्या आईने लहानपणापासून शिकवलेलं, की ज्योतीवर तोंडाने फुंकर मारायची नाही. एरवी साडू देवाला नमस्कारही घाईत करतात, पण या एका बाबतीत त्यांचा हात धरणारा कुणी नाही. भाचीच्या वाढदिवसाला केकवरच्या दहा मेणबत्त्या आम्ही सगळे टाळ्या थांबवून, आपापल्या आपण विझेपर्यंत बघत बसलो, आणि मग मेणाचा केक खाल्ला. मी बाजारातून मेणबत्ती झाकायची पितळी टोपी आणून दिली. तिचा लांब दांडा हातात फिरवत ते म्हणाले, "म्हणजे गळा दाबायचा? फुंकर परवडली."

परिणामी चार वाजता लावलेल्या मेणबत्त्या आठ वाजेपर्यंत संपत नसत आणि जळत्या मेणबत्त्या सोडून घराबाहेर जाता येत नसे. एका मंगळवारी भाचीच्या शाळेत पालकसभा निघाली. साडूंचा फोन: "साडू, दोन तास या. ज्योतींपाशी बसायचंय." मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "जा. कुठेतरी तुमचा उपयोग होतोय." मी गेलो, राखण करता करता झोपलो, आणि जागा झालो तेव्हा शेजारच्या आजी समोर विणत बसल्या होत्या. खिडकीतून एवढे दिवे आणि मधोमध तोंड उघडून पडलेला माणूस दिसल्यावर त्यांना वाटलं, इथे कुणीतरी गेलंय. बिचाऱ्या धीर द्यायला आल्या होत्या. ताई परतल्या तर मी जिवंत होतो आणि आजी आल्याचा चहा पीत होत्या.

त्यानंतर आजी दर मंगळवारी यायला लागल्या. साडूंनी व्हॉट्सअॅपवर 'ज्योत राखण' नावाचा ग्रुप काढला आणि पाळ्या लावल्या. बुधवारी तांत्रिक विद्यापीठातली तीन मराठी पोरं. त्यांना ज्योतींशी देणंघेणं नव्हतं, ताईंच्या वरणभाताशी होतं. त्यातल्या एकाला गणिताचा पेपर जड जातोय असं कळल्यावर ताईंनी मेणबत्तीच्या उजेडात त्याची अशी हजेरी घेतली, की तो पुढच्या बुधवारी वही घेऊनच आला. शुक्रवारी भाचीच्या मैत्रिणी, कारण चाळीस मेणबत्त्यांचं घर हे लाकडांच्या घरापेक्षा पोरींच्या हिशेबात फारच वरचं निघालं. साडूंना मात्र यातलं काही दिसत नव्हतं. ते रोज यंत्र खुपसत आणि आकडे लिहीत. अठ्ठावीस. पंचवीस. तेवीसवर दहा दिवस अडकलं तेव्हा त्यांचं वजन उतरलं. "साडू," मला अंगणात बाजूला घेऊन म्हणाले, "जानेवारी संपत आला. ती रोज लॅपटॉप उघडते, पत्र लिहिते, बंद करते. विचारायची हिंमत होत नाही."

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी यंत्रावर एकोणीसचा आकडा उमटला. साडेतीनला आम्ही सगळे हजर. साडूंनी फोडी नंबरवार रचल्या, काडी ओढली. पहिली पाच मिनिटं धूर. मग एकदम जाळ धरला, आणि कळलं की शेगडी त्या खोलीच्या मानाने तिप्पट मोठी होती. वीस मिनिटांत आमचे कोट उतरले, मग स्वेटर, मग माझा दुसरा स्वेटर. ताईंनी खिडकी उघडली, मग दार. उणे सहा तापमानात आम्ही सताड दार उघडं टाकून बनियनवर बसलो होतो आणि साडू घाम पुसत विचारत होते, "गेम्युटलिश वाटतंय ना?"

ताई पदराने वारा घेत हसत होत्या. मग सहज म्हणाल्या, "अहो, शाळेला कळवलं मी काल. नाही जमत म्हणून."

साडूंच्या हातातला चिमटा तसाच राहिला. "शेगडी पेटायच्या आधीच?"

"शेगडीचं काय घेऊन बसलात? मंगळवारी आजी येतात. बुधवारच्या त्या पोराची मार्चात परीक्षा आहे, ते माझ्याशिवाय बुडेल. मी जाऊ कधी?"

साडूंनी शेगडीची हवा कमी करायची दांडी उगाच पुढेमागे केली, उठले आणि अंगणात गेले. बराच वेळ आले नाहीत. "बघा हो," ताई मला म्हणाल्या, "कोट न घालता गेलेत." मी त्यांचा कोट घेऊन बाहेर गेलो. साडू कुंपणाच्या भिंतीपाशी मोजपट्टी धरून उभे होते आणि कानाखांद्यात फोन धरून लाकूडवाल्याशी मोडक्या जर्मनमध्ये बोलत होते. हो, ओलंच पाहिजे. नाही, घाई नाही.

फोन ठेवून माझ्याकडे वळले. डोळे लाल होते. मी दुसरीकडे पाहिलं. "दोन वर्षांनंतरची लाकडं आत्ताच आणायला लागतात," म्हणाले. "आतापर्यंत मागवायला मन धजत नव्हतं." मग पट्टी ओढत विचारलं, "तोवर तुम्हीही इथेच आहात ना?"

माझं कंपनीतलं कॉन्ट्रॅक्ट जूनमध्ये संपत होतं. हे मी अजून घरीसुद्धा बोललो नव्हतो.

"आहे की," मी म्हणालो, आणि पट्टीचं दुसरं टोक धरून भिंतीच्या शेवटापर्यंत चालत गेलो.